मडगावचं तिकीट, उतरायचं कुडाळला: विमानाच्या तिकिटातले दोन डाव

गणपतीत कुडाळ-कणकवलीचं आरक्षण मिळत नाही, हे कोकणी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. बुकिंग साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि चहा उकळेपर्यंत कोकणकन्या वेटिंगवर गेलेली असते. मग घरातलं एखादं शहाणं माणूस मडगावचं किंवा गाडी पुढे जात असेल तर त्याच्याही पुढचं तिकीट बघतं. शेवटच्या स्टेशनापर्यंतचा कोटा मोठा असतो, मधल्या स्टेशनांचा तुटपुंजा. चार पैसे जास्त जातात, पण बर्थ मिळतो, आणि कुडाळ आलं की माणूस बॅग उचलून उतरतो. मडगावपर्यंत का नाही गेलात, म्हणून टीसी मागे लागत नाही.

उलट करून बघा. मडगाव ते मुंबई तिकीट आहे, बोर्डिंग स्टेशन बदलून घेतलेलं नाही, आणि तुम्ही कुडाळला चढायला उभे आहात. तोवर टीसीने तुमचा बर्थ आरएसीवाल्याला दिला असेल तर भांडून उपयोग नाही.

आधी उतरलेलं चालतं, उशिरा चढलेलं चालत नाही. एवढं ज्याला कळतं, त्याला विमानाचा टप्पा सोडण्याचा डाव निम्मा कळला. उरलेला निम्मा इथे सांगते. कुडाळच्या बाजारात माझं झेरॉक्स, फॉर्म आणि तिकिटांचं दुकान आहे, त्याआधी काही वर्षं अंधेरीत एका तिकीट एजन्सीत होते. गिऱ्हाईक म्हणजे आखातातली मुलं, जहाजावरचे आणि त्यांचे आईवडील.

टप्पा सोडायचा म्हणजे काय

समजा दुबई ते मुंबई थेट तिकीट २२ हजार दाखवतंय. त्याच कंपनीचं, त्याच विमानाचं, पण मुंबईत उतरून पुढे गोव्याला जाणारं तिकीट १७ हजार. खेडच्या किंवा चिपळूणच्या माणसाला गोव्याला काही काम नाही. तो गोव्याचं तिकीट काढतो, मुंबईत उतरतो आणि पुढचं विमान सोडून देतो. याला 'हिडन सिटी' म्हणतात. आकडे मी समजायला घेतलेत, पण प्रकार खरा आहे.

लांबचं तिकीट स्वस्त कसं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. विमानाचं भाडं अंतरावर ठरत नाही, त्या दोन गावांमध्ये कोणाकोणाशी टक्कर आहे त्यावर ठरतं. दुबईहून गोव्याला दुसरी कंपनी थेट नेत असेल, तर मुंबईत विमान बदलायला लावणाऱ्या कंपनीला भाव पाडावाच लागतो. नाहीतर तिच्याकडे कोण येईल? मुंबईला मात्र सुट्टीत सगळेच येतात, तिथे भाव पाडायची तिला गरज नसते. म्हणून शोधताना आधी आपल्या गावाचं थेट भाडं बघा आणि मग त्या गावात थांबून पुढे जाणारी शहरं एकेक करून बघा: गोवा, कोची, हैदराबाद, नागपूर. गूगल फ्लाइट्सवर थांबा कुठे हवा ते निवडता येतं. बऱ्याचदा काहीच हाती लागत नाही. हजार-पाचशेचाच फरक असेल तर नाद सोडा.

आमच्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या लोकांची गंमत वेगळीच. त्यांना ते 'पुढचं' गोवाच हवं असतं. ५ जानेवारी २०२३ पासून मोप्याला, गोव्याच्या नव्या विमानतळावर, विमानं उतरायला लागली, बांदा ओलांडलं की आलंच. त्यांनी टप्पा सोडायचा कशाला? पूर्ण तिकीट वापरावं आणि घरी जेवायला यावं.

जिथे माणसं फसतात

एका पीएनआरवरचे टप्पे क्रमानेच वापरायचे असतात. मधला एक जरी सोडला, तर 'नो शो' (प्रवासी आलाच नाही) असा शेरा लागून त्याच्या पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. म्हणून सोडायचा तो शेवटचाच टप्पा. हे वाक्य मी गिऱ्हाइकाकडून मोठ्याने म्हणवून घेते, कारण घोटाळा नेहमी इथेच होतो. जाऊन-येऊन तिकीट आहे, दुबई-मुंबई-गोवा आणि परत गोवा-मुंबई-दुबई. येताना गोव्याचा टप्पा सोडला, की परतीचं अख्खं तिकीट गेलं. रजा संपलेली, कामावर हजर व्हायची तारीख ठरलेली, आणि काउंटरवर कळतं की तुमचं नावच यादीत नाही. तेव्हा हा डाव खेळायचा असेल तर येण्याचं आणि जाण्याचं तिकीट वेगळं काढा.

आणि जाताना? मालवणातला एक जण मोपा-मुंबई-मस्कत असं स्वस्त तिकीट घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, मी कोकणकन्येन मुंबयक जातंय, थयसूनच विमानात बसतंय. पयलो टप्पो सोडलो तर काय बिघडता?" सगळं बिघडतं. हेच ते उशिरा चढणं. मोप्याचं विमान तुमच्याविना उडालं, की मस्कतचंही गेलं.

आता सामानाचं. काउंटरवर दिलेल्या बॅगेला शेवटच्या गावाचा टॅग लागतो. तुम्ही मधे उतरलात तरी बॅग पुढे जाते. म्हणून देशातल्या देशात हा डाव फक्त हातातल्या बॅगेवर, म्हणजे ७ किलोवर. आता कोकणातला माणूस ७ किलोत कधी प्रवास करतो का? मसाला, काजूगर, खाजं, आईने बांधून दिलेली कुळथाची पिठी. कोकमाच्या आगळाची बाटली परदेशी विमानात हातात नेता येत नाही, १०० मिलीच्या वरचं कुठलंच द्रव चालत नाही. थोडक्यात, घरून निघताना हा डाव बहुतेकांना जमणारा नाही. घरी येताना, रिकाम्या हातांनी येणाऱ्याला जमतो.

परदेशाहून भारतात येताना मात्र एक सवलत आपोआप मिळते. बाहेरून आलेला प्रवासी भारतातल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन करतो आणि बहुतेक वेळा तिथेच पट्ट्यावरून बॅग घेऊन कस्टममधून बाहेर पडतो. देशांतर्गत विमानासाठी ती पुन्हा द्यायची असते. म्हणजे दुबई-मुंबई-गोवा तिकिटावर बॅग मुंबईत तुमच्या हातात येते. काही विमानांना बॅग थेट शेवटपर्यंत पाठवायची सोय असते, तेव्हा दुबईच्या काउंटरवर 'बॅग मुंबईत घ्यायची का?' एवढंच विचारा. आणि टॅगवर काय छापलंय ते स्वतः वाचा.

हातातली बॅगसुद्धा कधी कधी हातात राहत नाही. माझा भाचा दिल्लीहून असाच येत होता, मुंबईत उतरून पुढचा टप्पा सोडणार होता. विमान गच्च भरलेलं. गेटवर कर्मचारी ट्रॉली बॅगांना टॅग लावत रांगेतून पुढे सरकत होती: वर जागा नाही, बॅगा खाली जातील. याची पाळी यायला तीन माणसं बाकी. त्याने रांगेतून बाजूला होऊन बॅग उघडली, जॅकेट अंगात घातलं, चार्जर आणि पुस्तकं खिशांत कोंबली, उरलेले कपडे पाठीवरच्या मऊ सॅकमध्ये दाबले आणि रिकामी ट्रॉली टॅगसकट त्यांच्या हवाली केली. ट्रॉली गेली कोचीला. तेव्हापासून मी सांगते: अशा प्रवासाला चाकांची बॅग नकोच. पुढच्या सीटखाली जाईल अशी सॅक घ्या, आणि आत शिरायला पहिल्या गटात उभे राहा.

आणखी एक धोका लोकांच्या ध्यानात येत नाही. तुमचं मुंबईचं विमान रद्द झालं, तर कंपनी तुम्हाला 'गोव्याला' पोहोचवायला बांधील आहे, मुंबईला नाही. ती तुम्हाला बंगळूरूवरून गोव्याला नेईल, आणि तुम्ही तक्रार कुठल्या तोंडाने करणार? पावसाळ्यात मुंबईची विमानं वळवली जातात, तेव्हा तर हे हमखास डोक्यात ठेवायचं.

कायद्यात बसतं का?

गुन्हा नाही. पण बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या अटींत टप्पे क्रमाने वापरायची अट असते, आणि अमेरिकी कंपन्या तर हा प्रकार नाव घेऊन मना करतात. करार मोडला म्हणून त्या फरकाची रक्कम मागू शकतात, जमवलेले माइल्स (प्रवासावर मिळणारे बक्षीस गुण) काढून घेऊ शकतात. लुफ्थान्साने एका प्रवाशाकडे २,११२ युरो मागितले होते. त्याचं तिकीट ऑस्लो ते सिएटल जाऊन-येऊन, आणि येताना तो ऑस्लोला न जाता फ्रँकफुर्टहूनच वेगळ्या तिकिटाने बर्लिनला गेला. बर्लिनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये कंपनीचा दावा फेटाळला. अशी तिकिटं शोधून देणाऱ्या 'स्किपलॅग्ड' या संकेतस्थळावर २०१४ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने खटला भरला, तो टिकला नाही. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या खटल्यात टेक्ससच्या ज्युरीने त्याच संकेतस्थळाला ९४ लाख डॉलर भरायला लावले, त्यातली निम्मी रक्कम कंपनीचं बोधचिन्ह वापरल्याबद्दलची. २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल विमानतळावर एका किशोरवयीन मुलाचं तिकीट उड्डाणाआधीच रद्द केलं, कारण काउंटरवर लक्षात आलं की तो न्यूयॉर्कचं तिकीट घेऊन मधे शार्लटलाच उतरणार आहे.

तेव्हा काउंटरवर गप्पा मारू नका. माइल्स ज्यावर जमा होतात तो फ्रिक्वेंट फ्लायर क्रमांक अशा तिकिटात घालू नका. आणि दर महिन्याला त्याच कंपनीवर तोच डाव टाकू नका.

मी स्वतः असं तिकीट काढून देत नाही, हेही सांगून टाकते. कंपनीच्या हे लक्षात आलं, तर ती एजंटच्या नावाने डेबिट मेमो टाकते. प्रवासी घरी पोहोचलेला असतो आणि फरकाचे पैसे माझ्यासारखीच्या खात्यातून जातात. कसं करायचं ते सांगते, बटण तुम्ही दाबा. आईवडिलांसाठी, पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यासाठी, तान्ह्या मुलासोबत असणाऱ्यासाठी तर सांगतही नाही. जहाजावरच्यांनी मरीन फेअरच्या, म्हणजे खलाशांसाठीच्या खास भाड्याच्या, तिकिटाला हात लावायचा नाही. ते कंपनीने काढलेलं असतं, आणि बंदरावर एजंट गाडी घेऊन उभा असतो.

दुसरा डाव: दोन वेगळी तिकिटं जोडणं

हा मला जास्त आवडतो, कारण यात लपवायचं काही नाही. मोपा ते लंडन एकच तिकीट महाग असेल, तर मोपा-मुंबई एक आणि मुंबई-लंडन दुसरं, वेगवेगळ्या कंपन्यांचं. किंवा पहिला टप्पा रेल्वेचाच, आपण कोकणातले लोक पूर्वापार तेच करत आलोय. कंपन्या दोन असल्या, की ज्या टप्प्यावर जी स्वस्त ती घेता येते.

किंमत मोजावी लागते ती जबाबदारीची. एका पीएनआरवर पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर पुढे पोहोचवायची जबाबदारी कंपनीची. दोन पीएनआरवर ती तुमची. पहिली कंपनी फार तर आपलं तिकीट परत करेल. दुसरीच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत.

म्हणून आधी सामानाचं गणित. आखातातून येताना ३० किलो मिळतात, देशांतर्गत तिकिटावर साधारण १५. एकाच तिकिटावर सहसा परदेशी विमानाची मर्यादा शेवटपर्यंत लागू होते. दोन तिकिटं असतील तर मुंबईला १५ किलोचे जादा पैसे मोजा. किलोला ६०० धरले तरी ९ हजार झाले, आणि तिकिटात वाचलेले असतात पाच. असं तिकीट घेऊन कोणी आलं की मी सांगते, मुंबईत उतर आणि रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकड, रेल्वे तुझी बॅग वजन करत बसणार नाही. सामान जास्त लागणारच असेल, तर तिकीट काढतानाच ऑनलाइन जादा किलो घ्या, काउंटरपेक्षा स्वस्त पडतात.

मग वेळ. देशांतर्गत विमानाचा सामानाचा काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, परदेशी विमानाचा त्याच्याही आधी. मधे बॅग पट्ट्यावर यायची, टर्मिनल बदलायचं, पुन्हा रांग, पुन्हा सुरक्षा तपासणी. देशांतर्गतवरून परदेशी विमान पकडायचं असेल, तर मी सहा तासांच्या खाली तिकीट बघतच नाही. परदेशी विमान दिवसातून एकदाच असेल, तर आदल्या दिवशी मुंबईला पोहोचा आणि डोंबिवलीच्या मावशीकडे झोपा. मावशी नसेल तर लॉजचे पैसे हिशोबात धरा. त्यानंतरही बचत उरत असेल तरच तो डाव.

विमानतळाचं नाव तीनदा वाचा. मुंबईत टर्मिनल १ आणि टर्मिनल २ एकमेकांपासून गाडीने जायच्या अंतरावर आहेत. शिवाय २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. आपल्याला तो सोयीचा, कोकणातल्या गाड्या पनवेलला थांबतात आणि तिथून उलव्याचा हा विमानतळ जवळ. पण एक विमान नवी मुंबईला उतरतंय आणि दुसरं सहारहून, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावरून, सुटतंय, असं जुळवलंत तर मधे अख्खी खाडी आणि मुंबईची वाहतूक आहे. तिकिटावर बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे नवा. गोव्याचंही तसंच: जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. मोप्याला उतरून दाबोळीहून पुढचं विमान पकडायचं, तर गोवा जवळजवळ उभा ओलांडावा लागतो. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर विमानं मोजकी, त्यामुळे चिपीला जोडून दुसरं तिकीट काढायच्या भानगडीत मी पडत नाही.

पहिला टप्पा रेल्वेचा असेल, तर पावसाचा विचार करूनच. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरपर्यंत असतं, गाड्या सावकाश चालतात. जुलै २०२४ मध्ये आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून मार्ग बंद पडला आणि त्याच आठवड्यात खेडजवळ दरड कोसळली. त्या दिवसांत सकाळी पनवेल आणि दुपारी विमान, असलं वेळापत्रक मांडणाऱ्याला माझ्या दुकानात चहा मिळत नाही. पावसाळ्यात एक रात्र मधे सोडायची, बस.

परदेशात विमान बदलणार असाल तर व्हिसा. एकाच तिकिटावर तुम्ही बहुतेक ठिकाणी विमानतळाच्या आतूनच पुढे जाता. दोन तिकिटांवर बॅग घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, म्हणजे त्या देशात शिरायची परवानगी लागते. ती नसेल, तर मोप्याच्या काउंटरवरच अडवतील. फक्त हातातली बॅग आणि दुसऱ्या विमानाचा बोर्डिंग पास आधीच मोबाइलवर, अशी तयारी असेल तर काही ठिकाणी आतून जाता येतं. पण हे दोन्ही कंपन्यांना विचारून, लेखी उत्तर घेऊनच. पोराला पहिल्यांदा शिकायला पाठवताय ना? त्याला एकच तिकीट काढून द्या. दहा हजार जास्त गेले तरी चालतील.

काढण्याचा क्रम असा ठेवा: महागडं, कमी पर्याय असलेलं तिकीट आधी. ते पक्कं झालं की त्याला जोडणारं स्वस्त. उलट केलंत, तर मोपा-मुंबई हातात राहतं आणि लंडनचं भाडं वर गेलेलं असतं. दोन्ही तिकिटांवर नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट. एकावर 'संतोष' आणि दुसऱ्यावर 'संतोष गोविंद' असं असलं, की बॅग थेट शेवटपर्यंत पाठवा ही विनंतीसुद्धा कोणी ऐकून घेत नाही. दोन्ही पीएनआर कागदावर छापून जवळ ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी रांगेत असताना संपते.

विमा काढत असाल तर 'मिस्ड कनेक्शन' या शब्दांवर जाऊ नका. बऱ्याच पॉलिसींत ते एकाच तिकिटावरच्या जोडणीपुरतं असतं. पहिलं विमान उशिरा आलं, तर काउंटर सोडण्याआधी उशिराचं पत्र मागून घ्या; ते असलं तर दुसरी कंपनी कधी कधी तारीख बदलून देते, नसलं तर ऐकतसुद्धा नाही.

आणि दुसरं विमान चुकलंच, तर सगळे पैसे बुडाले म्हणून गप्प बसू नका. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचा नियम आहे: तिकीट न वापरता गेलं, अगदी 'नो रिफंड' असलं तरी, त्यातले सरकारी कर आणि विमानतळाची यूडीएफसारखी शुल्कं प्रवाशाला परत मिळतात. कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून अर्ज करायचा. एजंटकडून काढलं असेल तर त्याच्या मागे लागायचं, तो आपणहून देणार नाही. जाणूनबुजून सोडलेल्या शेवटच्या टप्प्याचा कर मात्र मागायला जाऊ नका. चारशे-पाचशे रुपयांसाठी कंपनीला स्वतःच्या हाताने लिहून कशाला द्यायचं, की मी मुंबईतच उतरलो?